परसातल्या तळ्यात मासे नकोत

मोरबी, गुजरात
६ मे, मंगळवार

ती. अप्पा,

शरणु शरणार्थी, अप्पा. अव्वाच्या पाया पडतो. मी बरा हाय.

तर मग तुमचं ठरलंच ना, तळ्यात मासे सोडायचे न्हायत? परवा फोनवर तेच इचारत होतो तर "तुला काय कळतंय रं" म्हणून तुमी फोन ठेवून दिला. म्हणून लिहायला बसलोय. पत्राला मधेच गप करता येत न्हाय.

भीमाशंकरदादानं तळ्याचा व्हिडिओ पाठवला होता. घरामागं तळं खोदलं तवा चिंच तोडली, अव्वाचे भाजीचे वाफे गेले, तरी मी काय बोललो न्हाय. पयल्या साली पाणी असं निर्मळ होतं की तळाला अंथरलेल्या प्लास्टिकच्या कागदाच्या घड्या दिसायच्या. आता रंगाचा डबा सांडल्यागत हिरवंगार. दादानं ठिबकचा फिल्टर उघडून दावला, तर आत ओल्या केसांच्या गुंत्यासारखा शेवाळाचा लोळा. द्राक्षाची छाटणी झालेली, बाग पाण्याला आ करून बसलेली आन नळ्या तुंबलेल्या. दादाचा जीव वरखाली होत असंल, ते मला कळतंय.

पण उपाय काय केला? फवारणीतलं उरलेलं मोरचूद फडक्यात बांधलं आन पाण्यातनं फिरवलं. किती टाकायचं ते कुणाला इचारलं न्हाय. शेवाळ मेलं, तळाला बसलं, कुजलं. वास चुलीपर्यंत आला म्हणं. आन पंधरा दिवसात पयल्यापेक्षा दाट हिरवं उगवलं.

बाबामियाँ तर आपण होऊन दारात आला होता. जल्मभर धरणावर मासे धरणारा माणूस. त्यानं काय वंगाळ सांगितलं? म्हणला, "अप्पा, गवत्या मासा सोडतो, तो शेवाळ खातो. चंदेऱ्या सोडतो, तो हिरवं पाणी गाळतो. तुमी खाऊ नका, हात लावू नका, बघू बी नका. मोठे झाले की मीच येऊन धरून नेतो. पैसा नको."

तुमी म्हणला, "जीव माझ्या पाण्यात वाढवायचा आन तू नेऊन मारायचा. पाप कुणाच्या नावावर?"

तो हसला म्हणं. "माझ्या नावावर टाका. तिथं आधीच लई हाय, एवढ्यानं काय फरक पडत न्हाय."

तरी तुमी न्हाय म्हणला. लिंगायताच्या परसात मासे म्हणल्यावर गाव काय म्हणंल, बसव जयंतीला स्वामी घरी यायचे, ते पाणी तरी घेतील का. अप्पा, लिंग तुमच्या गळ्यात हाय तसं माझ्या बी हाय. हितं खोलीत बिहारची पोरं मासे तळत्यात तवा मी ताट घेऊन जिन्यावर बसतो. तुमचा धरम मला कळत न्हाय असं समजू नका.

पण मासे नकोत, मोरचूद लागू पडंना, मग शेवाळ काढायचं कुणी? हातानं काढायचं ठरलं. दादाला बाग हाय. वहिनीची कंबर धरती. अव्वाचे गुडघे गेले. राहिली कोण?

मी फोन केला की शुभांगीला इचारायचो, काय करत होतीस. म्हणायची, "काय न्हाय, पाण्यावर होते." मला वाटायचं कपडे धूत असंल. माझ्या बायकोनं एवढंच सांगितलं मला, महिनाभर.

हितलं सांगायचं तर ऊन लई हाय. पयला कारखाना सोडला, आता दुसऱ्या टाइल्सच्या कारखान्यात लागलोय, भट्टीच्या तोंडाला. तुमी म्हणाल, ह्याचं कुठंच बूड टेकत न्हाय. म्हणा. नववीत शाळा सोडली तवापासून तेच ऐकतोय. भट्टीपुढं उभं राहिलं की भुवया करपल्यागत वाटत्यात, पण पगार हातात मिळतो.

आता जे लिहायचं टाळत होतो ते लिहितो.

बसव जयंतीच्या दुसऱ्या दिवशी बाबामियाँचा फोन आला. आधी इकडचं तिकडचं बोलला, शेळी व्याली, आंबा औंदा कमी हाय. मग म्हणला, "विरेश, तुझी बायको तुला काय बोलली का?" मी म्हणलं न्हाय. तवा त्यानं सांगितलं.

आदल्या दिवशी, जयंतीलाच, ती खराटा घेऊन तळ्याच्या उतारावर उभी होती. शेवाळ धरलेला कागद कसा असतो ते तुमाला म्हायती हाय, कुत्रं पडलं तर त्याला बी वर येता येत न्हाय. तिचा पाय सुटला. पोहता येत न्हाय तिला. मोटारीचा पाइप हाताला लागला म्हणून तरली. वरडली. पण दारातल्या मांडवात भोंगा लावलेला, घरात स्वामींच्या पाद्यपूजेची गडबड. कुणाला ऐकू जाणार? बाबामियाँ शेळ्या घेऊन बांधावरनं चालला होता, त्याला ऐकू गेलं. शेळीचं दावं पुरंना म्हणून डोक्याचा रुमाल सोडून गाठ मारली आन तिला वढून काढलं.

ती निथळत दारात आली तर तुमी काय म्हणला अप्पा? तिला मी खोदून खोदून इचारलं, तवा रडत सांगितलं. तुमी म्हणला, "आधी लुगडं बदल, स्वामी यायचा वखत झाला. आन बाहेर बोलू नको, पूजेच्या दिवशी लोक चर्चा करतील."

अव्वानं तिला हळद घालून दूध दिलं, ते बी तिनं सांगितलं. चांगलं झालं ते तिनं लपवलं न्हाय. पण दोन दिवसांनी परत तळ्यावर कुणी धाडलं? कमरेला दावं बांधून, दुसरं टोक खुंटीला. "आता काय भ्या न्हाय" असं दादा म्हणला. आपल्या गोठ्यातल्या म्हशीला बांधतो तशीच की.

मासा मेला असता तर पाप कुणाचं हे तुमाला लगेच सुचलं. ही गेली असती तर कुणाचं, हे इचारायला घरात कुणी थांबलं बी न्हाय.

मी वरडत न्हाय अप्पा. वरडून झालं. परवा फोन ठेवल्यावर भिंतीवर हात मारला, बोटं सुजली, म्हणून अक्षर असं आलंय.

कारखान्याच्या मागं एक पत्र्याची खोली घेतलीय. उन्हाळ्यात तापती. नळाला दिसाआड पाणी येतंय, तेवढंच, दोन घागरी भरून होत्यात. त्यात कुणी बुडत न्हाय. "तिला कुठं फरपटत नेतोस" असं तुमी म्हणणार. नेतोय. मी जिथं जाईन तिथं ती येईल, आन मी किती ठिकाणं बदलतो ते आमचं आमी बघू.

रविवारी सकाळच्या एसटीनं ती नळदुर्गाहून निघंल. आडवू नका. अव्वानं चार भाकरी आन शेंगाची चटणी बांधून दिली तर तिला बरं वाटंल. न्हाय दिली तर सोलापूर स्टेशनावर वडापाव मिळतो.

तळं तुमचं हाय, काय करायचं ते करा. शेवाळ काढायला रोजानं बाई बघा, आन उतारावर उभं राहायचं म्हणल्यावर ती काय रोज मागती ते ऐका.

दर महिन्याला घरी पाठवत होतो ते सहा हजार ह्या महिन्यात न्हायत. पुढच्या महिन्याचं आता सांगत न्हाय.

तुमच्याच पोटचा,
विरेश

तिच्या तिकिटाचे पैसे बाबामियाँच्या फोनवर पाठवतोय, तो तिच्या हातात देईल. एसटीचं बाईमाणसाचं अर्धं तिकीट आन सोलापूरहून राजकोटपर्यंत रेल्वे, एकटीचं, फक्त जायचं : सातशे रुपये.