सावधान नाही, विश्राम

सक्करदरा, नागपूर
९ डिसेंबर २०२४

चिरंजीव प्रीतमला बाबाचा सप्रेम जयभीम.

आम्ही दोघं मजेत आहोत, पुण्यात तूही असशील. फोन असताना पत्र कशाला, असं वाटेल. फोनवर तू मध्येच बोलतोस, इथे मला कोणी अडवत नाही. डावी बाजू गेली तरी लिहायचा हात शाबूत आहे.

थंडी मस्त पडली आहे. बाजारात संत्री आली, पण तुझी आई मला सोलून देत नाही. "हात चालवा," म्हणते.

आता पायाचं. लकव्यानंतर घरी आलो तेव्हा पाय टेकला की गुडघा झटक्यानं मागे जायचा. माझा उपाय एकच, पाय कडक ताठ. कोराडीच्या वीज केंद्राच्या गेटवर जन्मभर सावधानमध्ये उभा राहिलेला माणूस मी, दुसरं काय येणार? तुझी आईही शाबासकी द्यायची. फिजिओवाल्या पोरीनं मात्र कपाळावर हात मारला. "हे ताठ उभं राहणं नाही, गुडघ्याले ताला मारून राहिले तुम्ही! अशानं सांधा कामातून जाईन. सावधान नाही, विश्राम! जरासा वाकलेला ठेवा."

तेव्हापासून रोज सकाळी आरशासमोर कवायत. खुर्चीतून उठायचं, पण अर्ध्यावरच थांबायचं. मग चांगला पाय पाटावर ठेवायचा, म्हणजे भार बिचाऱ्या डाव्यावर येतो. पहिल्या दिवशी मांडी अशी थरथरली की तुझ्या आईनं डोळे मिटून घेतले. ती पोरगी गुडघ्यामागे बोटं लावून बसायची आणि तो मागे निसटला की टिचकी मारायची. मी चिडलो तर म्हणाली, "चिडा, पण वाकलेल्या गुडघ्यानं चिडा."

अशी तोंडाळ पोरगी कोण, ते तू ओळखलं असशीलच. हर्षाच आहे.

तुमची फारकत झाली तेव्हा मी कोणाची बाजू घेतली नाही, आताही घेत नाही. माझं दुखणं कळलं तशी ती न बोलावता आली. दारातूनच म्हणाली, "आई, मी फिजिओ म्हणून आली. चालन ना?" तुझ्या आईनं आधी रडून घेतलं, मग चहा टाकला. तुला सांगायचं राहून गेलं, असं खोटं बोलत नाही. मुद्दाम सांगितलं नाही. तू दुसरी फिजिओ शोधली असतीस, आणि मला दुसरी नको होती.

अजून एक आहे, त्यासाठीच हे पत्र. हर्षा लग्न करते आहे. येत्या २२ तारखेला, आपल्याच विहारात. मुलाचं नाव धम्मदीप, हिंगण्याला कंपनीत आहे, शांत वाटला. तिचे वडील नाहीत, तुला माहीतच आहे. गेल्या आठवड्यात गुडघ्याला पट्टी लावता लावता मान खाली घालूनच तिनं विचारलं, "बाबा, वंदनेच्या वेळेस माह्या बाजूनं तुम्ही उभे राहसान काय?"

मला इतका आनंद झाला की पट्टी अर्धवट असतानाच मी उठायला लागलो. आई मधेच बोलली, "राहतील नाही तं काय! त्यांले कोणतं काम हाये?"

वंदनेला दोन्ही हात जोडायचे, म्हणजे काठी नाही. खुर्ची देतील, पण मुलीच्या बापानं बसून कसं चालेल? म्हणून रोज हात जोडून त्रिसरण-पंचशील पूर्ण म्हणतो. काल पहिल्यांदा शेवटच्या 'साधु'पर्यंत गुडघा जागेवर राहिला. "आपल्या लग्नात 'सावधान' म्हणत नाहीत," आई म्हणाली, "नाही तं तिथंच गडबड केली असती यांनी!" हर्षासकट आम्ही तिघं पोट धरून हसलो.

तुझी परवानगी मागत नाही, बाळा. तुला लागेल हे कळतं, आणि तुला लागलं की मलाही लागतं. पण दुसऱ्याकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं. लग्नाला तू येणार नाहीस, ते बरोबरच आहे. नवीन वर्षात घरी ये. काठी आत ठेवून तुला घ्यायला फाटकापर्यंत येईन.

तिच्या बाजूनं उभा राहतो म्हणजे तुझी बाजू सोडली, असं समजू नकोस. दोन्ही पायांवर सारखा भार टाकायला तिनंच शिकवलं आहे.

तुझा,
आणि २२ तारखेला तिचाही,
बाबा