पिवळ्या रोपांची विरळणी

पाटोदा

आदरणीय अंजलीताई,

सविनय जय भीम. तुझा गुडघा कसा आहे? पाचगणीच्या थंडीत ठणकतो म्हणतेस, तर त्याला घेऊन इकडे ये. आमच्या दुपारच्या उन्हात फुकट शेकून निघेल. आम्ही दोघं मजेत आहोत, म्हणजे हे मजेत आहेत आणि मी संतापलेली आहे. कारण, तू पाठवलेलं ‘स्टॉक’ नावाच्या फुलांचं बी.

आठवतं ना, बोर्डिंगमध्ये सिस्टर ती फुलं चॅपलच्या पायरीशी लावायच्या? संध्याकाळी लवंगेसारखा वास सुटायचा, आणि एक फूल तोडलं की ओळी लिहायची शिक्षा. म्हटलं, निवृत्त झाले, आता स्वतःच्या अंगणात हवी तेवढी तोडीन. (तहसील कचेरीत जन्मभर लोकांच्या जमिनीच्या फायली हलवल्या, स्वतः कधी कोथिंबीरसुद्धा पेरली नव्हती.) ऑक्टोबरच्या उन्हात मी रोपांचे ट्रे दिवसभर नाचवले: सकाळी ओट्यावर, दुपारी न्हाणीत, संध्याकाळी गच्चीवर. रोपांना गारवा लागतो म्हणून कूलर त्यांच्याकडे वळवला. हे तक्रार करत नाहीत. बनियन घालून मुकाट रोपांच्या शेजारी जाऊन बसले. त्यात मी विहारातल्या महिला मंडळाला शब्द देऊन बसले, की माघ पौर्णिमेला बुद्धमूर्तीपुढे यंदा झेंडू नको, माझी भरगच्च फुलं ठेवू. (चतुराबाई तोंडावर पदर धरून हसल्या. मला दिसलं.)

तू बजावलं होतंस, फिकट पिवळसर रोपं तीच भरगच्च पाकळ्यांची, ती जप. गडद हिरवी ती एकेरी. पिवळी जपली. मग सिरसाळ्याला भाचीच्या लग्नाला गेले आणि पाणी घालायला शेजारच्या गहिनीनाथला सांगितलं. माणूस कपाशीतला. परत येऊन बघते तर पिवळं एक रोप शिल्लक नाही! गडद तेवढी वाफ्यात दोरी धरल्यासारखी ओळीत लावलेली, वर युरियाचा डोस. "मॅडम, विरळणी करून टाकली," तो खुशीत. "रोगट रोपं कावून पोसायची? कपाशीत आमी तीच आदी उपटतोत." मी त्याला जे बोलले त्यातलं निम्मं इंग्रजीत होतं, म्हणून तो हसत घरी गेला. तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे. म्हणजे माझं बंद आहे, तो रोज कुंपणावरून "मॅडम, च्या झाला का?" विचारतो आणि मी जास्वंदीकडे बघत उभी राहते.

आता माझ्या वाफ्यात मोहरीसारखी चार पाकळ्यांची हडकुळी फुलं आली आहेत. पण खरा घाव पुढे आहे. उपटलेलं जिवंत रोप त्याच्याच्यानं फेकवलं नाही, म्हणून त्यानं ती पिवळी रोपं म्हशीच्या हौदाच्या कडेनं टोचली होती. तिथे गुलाबी, जांभळे, पांढरे असे गच्च तुरे आलेत, की वास आमच्या उशीपर्यंत पोचतो आणि मला झोप लागत नाही. म्हैस दिवसभर त्यांच्यामध्ये अशी उभी, जणू तिचा सत्कार चालला आहे. पौर्णिमा पाच दिवसांवर आली. मी काही त्या हौदाशी पदर पसरणार नाही. चतुराबाईंना हसू दे.

दाजींना जय भीम सांग. गुडघ्याला जप.

तुझी,
वनिता

ता. क. गेल्या वर्षी आली होतीस तेव्हापासून गहिनीनाथ तुला फार मानतो. त्याला फोन करून ती फुलं तुझ्या नावानं मागशील का? माझं नाव काढू नकोस.

पुन्हा ता. क. नको करूस फोन. पाकीट चिकटवणार तोच स्वारी बादलीभर फुलं घेऊन दारात. "विहारात लागत्यात म्हणं. चतुराबाई बोलल्या." मी म्हटलं, ठेव तिथे. (याला बोलणं म्हणत नाहीत.) जाताना वाफ्यापाशी थबकला. "मॅडम, तुमच्याला शेंगा लागल्यात. माझ्याला एक न्हाई. कावून?" भरगच्च फुलाला बी धरतच नाही, बी एकेरीलाच, आणि त्यातूनच पुढच्या साली दोन्ही निघतात, हे मी त्याला सांगितलं नाही. त्यानं तुझा नंबर पुन्हा मागून घेतला. बी तुझ्याकडचं हे त्याला ठाऊक आहे, मागायला फोन करील. संपलं म्हणून सांग. चिमूटभरसुद्धा पाठवू नकोस, ताई. येऊ दे त्याला माझ्याच दारात. चहाच्या वेळेला आला तरी चालेल.