जत्रेच्या मैदानात खो-खो

मंगळवार पेठ, कोल्हापूर
९ मार्च २०२५

तीर्थरूप आज्जांस,
अनुजाचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तुम्ही मनानं जोडता, म्हणून पत्रच लिहिते. मागं आमचा तिसरा नंबर आला म्हणून सांगितलं, तर तुम्ही पहिल्याचे पेढे वाटून मोकळे झालात.

या वेळची बातमी पेढ्यांची नाही. आमच्या कॉलेजचा मुलींचा खो-खो संघ जूनपासून बंद करायचं घाटतंय. प्राचार्य विजयसिंह सरांनी जिमखान्याच्या बैठकीत सांगितलं की पैसा आटलाय, आता जो खेळ स्वतःचा खर्च काढेल तोच राहील. फुटबॉलला पुरस्कर्ते आहेत, निम्म्या पेठेची दुकानं त्यांच्या शर्टावर छापलीत. क्रिकेटचं टर्फ तासावर भाड्यानं जातं, आणि दुसरं टर्फ आता आमच्या मैदानावर घालायचंय. खो-खो बघायला कोण येतं, असं सर म्हणाले. वाईट माणूस नाहीत ते. म्हणताना माझ्याकडं बघत नव्हते. एप्रिलअखेरपर्यंत काही मार्ग दाखवा म्हणाले, नाहीतर संपलं.

आमच्या प्रशिक्षक मोना मॅडम स्वतःच्या पगारातून आम्हाला केळी-अंडी खायला घालतात. त्या दिवशी त्यांनी खांबाला टेकून नुसती शिट्टी हातात धरली होती, वाजवली नाही. मला ते बघवलं नाही. पुढचं माझं शेवटचं वर्ष, कप्तान मी, आणि संघ माझ्याच हातात मोडला तर मी आयुष्यभर स्वतःला माफ करणार नाही.

काहीतरी सुचवा. सुचवा म्हटलंय, करा म्हटलेलं नाही.

आत्याकडं सगळी मजेत आहेत. लोभ आहेच, रोज थोडा जास्त करावा.

तुमची,
अनुजा

---

नेसरी
१८ मार्च २०२५

चि. अनुजास,
गणपतरावाचा अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पावलं. चष्मा पुसून तीनदा वाचलं. रडायला काय झालं गं? कुस्ती बघायला तरी माणूस आपोआप येतंय व्हय? गाव मैदान भरवतंय, हलगी वाजती, हँडबिलं वाटायला लागत्यात, तवा कुठं माणूस दहा मैलांवरनं येतंय. तुमी कोल्हापुरात बसून वाट बघत ऱ्हायलासा, मग कोन येनार? तुमच्या खेळाला कुनी आवतनच दिलं न्हाय की.

२० एप्रिलला आपल्या वाडीची जत्रा. कमिटीतनं मला अजून काडलं न्हाय. दुपारच्या कुस्त्यांआधी सकाळी तुमचा खेळ ठेवलाय. हुपरीला पोरींचा एक संघ हाय, त्येंच्या कप्तान भैरवीच्या बापानंच तुज्या आत्याच्या लग्नातलं पैंजण घडवलंतं. एका शब्दात तयार झाला. शाळूचं रान मोकळं हाय, त्येच्यावर रोलर फिरवून देतो.

हँडबिल मीच लिवलंय. चाळीस वर्सं जत्रेचं हँडबिल माज्याच हातचं असतंय, कुनाची चूक काडायची छाती न्हाय. गडहिंग्लजपासनं आजऱ्यापर्यंत वाटून बी झालं. एक सोबत धाडलंय. तुज्या प्राचार्यांना प्रमुख पावणं केलंय. कॉलेजच्या पुस्तकातला फोटो काडून गडहिंग्लजच्या स्टँडवर बोर्ड बी लावला. इचारत बसलो असतो तर न्हाय म्हटलं असतं त्येनी.

दूध पीत जा. आशीर्वाद हाईच, आनि रडकं पत्र लिवलंस म्हनून थोडा राग बी हाय.

तुजा,
आज्जा

---

मंगळवार पेठ, कोल्हापूर
२७ मार्च २०२५

तीर्थरूप आज्जांस,
सा. न. वि. वि.

चूक काढायची छाती मला आहे. हँडबिलावर तुम्ही काय लिहिलंय ते तुम्हीच परत वाचा. ‘एक नंबरची जोड : कु. अनुजा, कोल्हापूर विरुद्ध कु. भैरवी, हुपरी. कुस्ती निकाली.’ मोना मॅडमच्या नावामागं ‘वस्ताद’. आणि खो-खो हा शब्द सबंध कागदावर कुठंही नाही! चाळीस वर्षं एकाच साच्यात लिहिताय, त्यात आम्हालाही ओतलंत. आता अख्ख्या तालुक्याला वाटतंय की मी आणि भैरवी लंगोट कसणार. भैरवीचा फोन आला होता. माझं वजन किती म्हणून विचारत होती आणि हसून हसून तिला बोलता येईना.

सरांनी केबिनमध्ये बोलावलं. आधी भरपूर ओरडले. मग म्हणाले की त्यांची सासुरवाडी गडहिंग्लजची, मेव्हण्यांनी बोर्डाचा फोटो पाठवलाय आणि सासूबाईंनी त्याला घरातनंच नमस्कार केलाय. आता गेलो नाही तर तिकडं तोंड दाखवायला जागा नाही. शेवटी आवाज उतरवून त्यांनी विचारलं की फेटा बांधणारा तिथं असतो का, की इथूनच बांधून यायचं.

म्हणजे सर येणार. मला धास्ती वाटते ती यापुढचीच. कुस्ती बघायला आलेली माणसं खो-खो बघून उठून गेली, आणि मैदान सरांच्या डोळ्यांदेखत रिकामं झालं, तर एप्रिलअखेरची वाट बघायलाही नको. आज्जा, तुम्ही मला बुडवताय की तारताय तेच कळेना.

तरी आम्ही येतोय. रोज पहाटे साडेपाचला मैदानात असतो. लोभ असू द्या, पण पेन कुलपात ठेवा.

तुमची,
अनुजा

---

नेसरी
२४ एप्रिल २०२५

चि. अनुजास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुमी पोरी चार वाजता गाडीत बसून गेलासा, त्यामुळं म्होरलं काय झालं ते तुला ठावं न्हाय. फोनवर सांगत हुतो तर तू नुसतीच हसत हुतीस, म्हनून सगळं लिवतो.

आधी माजी चूक. रान मानसानं फुललंतं, आनि नऊ-नऊ पोरी उतरल्यावर लोकं वरडाय लागली, जोड कुटं हाय म्हनून. मी माइकवर कबूल केलं की कागद माजा चुकला, ही कुस्ती न्हाय, पर दहा मिंटं बसून बगा, न्हाय पटलं तर मला शिव्या घाला. काहींनी दहा मिंटं थांबायच्या आदीच घातल्या. पुढच्या दोन रांगा उठल्या बी.

तवा तू सूर मारलास. खांबाला वळसा घालून भैरवी निसटली असं वाटलं, आनि तू मातीवर आडवी होऊन तिच्या टाचेला हात लावलास. उठलेली मानसं हुती तितंच खाली बसली. हलगीवाल्या ज्ञानूनं कुनी सांगितल्याबिगर थाप दिली, आनि मग दर ‘खो’ला एक थाप. पोरी, मी तुला खेळताना पयल्यांदाच बघितलं. मला वाटायचं, पोरीबाळींचा सुट्टीतला खेळ असंल. लई चुकलं माजं. डोळ्यांत पानी आलं, आनि ते लिवायची मला लाज वाटत न्हाय.

सांजच्या पंगतीला तुजे प्राचार्य माज्या शेजारीच हुते. फेटा काडला न्हवता. म्हनाले, गर्दी झकास झाली, पर एका दिसाच्या गर्दीवर वरीसभर संघ चालत न्हाय. बोलनं खरंच हुतं.

तेवड्यात रस्सा वाढत आलेली आपली शेजारीन चिमणाबाई त्येंच्या म्होरं पळी घिऊन उभी ऱ्हायली. तिनं इचारलं, तुमच्या कॉलेजात हे रोज खेळत्यात का, आनि पोरींच्या वसतिगृहाला बाई मानूस हाय का. तिची नात निशिगंधा बारावीला बसलीया आनि बाप कोल्हापूरला धाडायला तयार न्हाय. चिमणाबाई म्हनाली, बापाला मी बगते, तुमी पोरीचं नाव लिवून घ्या. तिच्या मागनं आनिक बायका आल्या, मग बाप बी आले. प्राचार्यांनी हँडबिलाच्या पाठीवर नावं लिवली. सतरा झाली!

मग मला हळूच म्हनाले की त्येंच्या पोरींच्या तुकडीत निम्मे बाक रिकामे हाईत. तुकडी मोडली की मास्तरांच्या नोकऱ्या जात्यात. दोन वर्सं जाहिराती करून कुनी फिरकलं न्हाय, आनि हितं रश्श्याच्या ताटावर सतरा पोरी मिळाल्या. टर्फ घालून तुकडी वाचत न्हाय, असं आपलंआपनच म्हनाले, आनि आनिक रस्सा मागितला.

म्होरं काय हुतंय ते तू कळव. लोभ न सांगता बी हाय.

तुजा,
आज्जा

---

मंगळवार पेठ, कोल्हापूर
२० जुलै २०२५

तीर्थरूप आज्जांस,
सा. न. वि. वि.

संघ राहिला! सूचना फलकावर कागद लागला तेव्हा मी मोना मॅडमना उचलून गोल फिरवलं. त्यांचा चष्मा पडला, तरी रागावल्या नाहीत. टर्फ बारगळलं. सतरातल्या चौदा जणींनी प्रवेश घेतला, तुकडी भरली, आणि मॅडमच्या केळ्यांचा खर्च आता कॉलेज करतं. सर परवा मैदानावर येऊन आम्हाला बजावून गेले की आमच्या जिवावर पाच जणांच्या नोकऱ्या आहेत, तेव्हा पाय मोडून घेऊ नका.

आता माझी हकिगत. काल विभागीय सामन्यांसाठी निवड झाली. चिमणाबाईंची निशिगंधा माझ्या मागं पाठलागाला सोडली होती. खेळायला लागून तिला पुरता महिनाही झालेला नाही. मी अडीच मिनिटं कुणाच्या हाती लागत नाही, हे अख्ख्या कोल्हापूरला ठाऊक आहे. तिनं मला चाळीस सेकंदांत बाद केलं! मला वाटलं चुकून झालं असेल, म्हणून पुन्हा पळाले. या वेळी पस्तीस. वर मलाच विचारते, अनुताई, लागलं न्हाय नव्हं?

पहिल्या नऊ जणींत तिचं नाव आहे, माझं राखीव गड्यांत. मॅडमना सांगताना अवघड वाटत होतं. मी स्वच्छतागृहात जाऊन दोन मिनिटं रडले, खोटं कशाला सांगू. मग बाहेर आले तर मैदानावर चौदा नव्या पोरी एकमेकींना खो देत बोंबलत होत्या, आणि निशिगंधा धावत आली, तसा सूर मारायला शिकव म्हणून हात धरून ओढत घेऊन गेली. अंधार पडेपर्यंत शिकवला. आज्जा, संघ मोडला असता तर मला बाकावर तरी कुठं बसता आलं असतं? आता बसणार आहे, आणि इतकी खूश मी पहिल्या नऊत असतानाही कधी नव्हते.

चिमणाबाईंना सांगा, नात जोरात आहे. बाकी लोभ आहे तसाच राहू द्या, थोडा तिच्यासाठीही काढून ठेवा.

तुमची,
सध्या राखीव,
अनुजा