तटबंदी कशी राखावी

१२ जानेवारी
आजपासून रोजनिशी लिहिणार. फुकटच्या ब्राउझर गेम्सवर मी जेवढा विचार केलाय तेवढा अख्ख्या बल्गेरियात कुणी केला नसेल. तो अनुभव वाया जाऊ नये. गेल्या आठवड्यात फोरमवर माझ्या टिप्सखाली एकाने 'धन्यवाद' लिहिलं. फॅक्टरीत एवढी वर्षं मिरच्यांच्या बरण्या सीलबंद केल्या, तिथे कुणी लिहिलं नव्हतं.

संध्याकाळी योर्दांकाचा फोन. बायको इटलीत एका म्हातारीची शुश्रूषा करते, सहा वर्षं झाली. म्हणाली, दुसऱ्याच्या आईला कुशीवर वळवून वळवून माझी कंबर गेली रे. माझ्या बाबांचा द्राक्षांचा मळा जिवंत असेल तर परत येते, कायमची. सेंट त्रिफोनला, वेलींच्या संताच्या दिवशी, चारचौघांबरोबर जाऊन छाटणी कर, मग बघू. मी म्हटलं, त्यात काय! तर म्हणे, हे तुझं 'त्यात काय' ऐकतच इटलीला आले मी.

टोमणा होता. मनाला लावून घेतला नाही. छाटणी करणार म्हणजे करणार.

१५ जानेवारी
मळ्यात जायचं होतं. धुकं.

फोरमसाठी लिहिलं. माशांचा गेम (मोठा मासा छोट्याला खातो): ऑफिसात बॉसची नजर चुकवून खेळायला ठीक, त्यात डोकं लागत नाही. फळं जुळवायचा गेम: दातांच्या डॉक्टरकडे नंबर येईपर्यंत. रणगाड्यांचा गेम: ऐन लढाईत शांपूची जाहिरात येते आणि ती संपेपर्यंत आपण मेलेलो असतो. माणसाने खेळावा असा गेम एकच, 'सात किल्ले'. गाव वसवायचं, कोठारं भरायची, तट बांधायचा. पैसे भरून घाई करणाऱ्या पोरांना त्यात चार दिवस मजा येते. खरा खेळाडू एक छदाम भरत नाही, तो वाट बघतो. वाट बघण्यात माझा हात धरणारा कुणी नाही.

२० जानेवारी
भयंकर दिवस. मेव्हणा मेतोदी दार न वाजवता घरात. हे घर मूळचं सासऱ्यांचं, त्यामुळे त्याच्याकडे जुनी किल्ली आहे आणि ती तो हक्काने वापरतो. नेमका त्याच वेळी माझ्या गावावर हल्ला. मी स्क्रीनकडे, हा माझ्या कानाशी. भाऊजी, दोन वर्षं वेलींना कात्री लागली नाही, नुसतं रान माजलंय, सरपणालाच बरं पडेल. ताई आली तर काय दाखवणार तिला, तुमचा तो कॉम्प्युटरातला गहू? मी हात करून थांब म्हणालो. तो थांबला नाही. तो गेला तेव्हा कोठारं रिकामी होती.

टीप: बेसावध दरवाजातूनच शत्रू शिरतो. दार कायम आतून बंद ठेवा.
अंमलबजावणी लगेच केली. दाराला आतून किल्ली लावून तशीच कुलपात ठेवली. आता बाहेरून कुणाची किल्ली आत जाणारच नाही. मेतोदी, बस आता बाहेर.

१ फेब्रुवारी
शेजारचे गेंचोकाका खिडकीवर टकटक करून म्हणाले, त्रिफोन, लेका, आज चर्चमध्ये तुझ्याच संताची प्रार्थना होती. मळ्यात येतोस? मी त्यांना समजावलं की चर्चचं कॅलेंडर नवं. आपल्या बापजाद्यांची छाटणी जुन्या कॅलेंडरची, चौदा तारखेची. अख्खं गाव चौदालाच जातं. काका म्हणाले, गाव दोन्ही दिवस पितं रे, तू एक दिवस तरी उठ.

थट्टा करतात म्हातारे. पण दोन आठवडे मिळाले हे खरं. यालाच नियोजन म्हणतात.

६ फेब्रुवारी
कात्री सापडली. गंजलेली आहे. तेल आणायला हवं.
'सात किल्ले'तल्या आमच्या टोळीने मला सरदार केलं! विरोधात एकच मत पडलं, नदीपलीकडच्या रुमानियन माणसाचं. त्याच्याकडून अपेक्षाही नव्हती. आता सगळ्यांशी बोलायला हेडफोन लागतो. घेतला. आवाज इतका स्वच्छ की बाहेरचं काही म्हणजे काही ऐकू येत नाही.

९ फेब्रुवारी
योर्दांकाला फोनवर सरदारकीची बातमी सांगितली. तिने विचारलं, मळ्याचं काय? मी म्हटलं, कात्रीला तेल घालतोय. म्हणाली, त्रिफोन, मला खोटं सांगू नकोस, मी थकलेय. मी म्हटलं, ईस्टरला ये आणि डोळ्यांनी बघ. ती म्हणाली, बघते.
ईस्टरला येणार, हे नक्की झालं. म्हणजे छाटणीला मार्चसुद्धा चालेल. पण मी चौदालाच करणार, शब्द म्हणजे शब्द.

१३ फेब्रुवारी
कात्रीला तेल घातलं. (सूर्यफुलाचं. चालतं.) उद्या माझा नामदिन, म्हणजे ज्याचं नाव मला ठेवलं त्या संताचा दिवस. आपल्याकडे नामदिनाला आमंत्रण द्यायचं नसतं. ज्याला आठवण असते तो आपणहून येतो, यजमानाने टेबल मांडून ठेवायचं. चीज, मिरचीचं लोणचं, राकियाची बाटली, सहा ग्लास. बघूया कुणाकुणाला त्रिफोन आठवतो.

१४ फेब्रुवारी, सकाळ
बूट घातले. कात्री खिशात. एवढ्यात टोळीचा निरोप, रुमानियन फुटला आणि सगळी फौज घेऊन माझ्याच गावावर येतोय. मळा काय, दुपारीही तिथेच असणार. अर्ध्या तासाचं काम आहे. बूट काढले नाहीत, यावरून माझा निश्चय दिसावा. स्क्रीनवर ऊन पडतं म्हणून पडदे ओढले, हेडफोन लावला.

१४ फेब्रुवारी, संध्याकाळ
तट टिकला! अख्खा दिवस लढलो. रुमानियनाची फौज मातीत. टोळी म्हणाली, असा सरदार झाला नाही.
आणि माझ्या दारात? एक माणूस नाही. सहा ग्लास उपडे ते उपडेच. या गावात कुणाच्या लग्नात मी नाचलो नाही, कुणाच्या बापाच्या शवपेटीला खांदा दिला नाही? वाट वाकडी करून दाराशी यायला कुणाला जमलं नाही. योर्दांकाचा साधा फोनही नाही. मला ठसका लागेपर्यंत राग आलाय. राकिया एकट्याने प्यालो. बूट अजून पायातच आहेत.

१५ फेब्रुवारी
सकाळी गेम उघडला. वर लाल पट्टी. महिनाअखेरीस 'सात किल्ले' बंद होणार, सगळी गावं पुसली जाणार, खेळल्याबद्दल आभार.

दार उघडलं तर पायरीवर पाव, फडक्यात गुंडाळलेला, थंडीने विटेसारखा कडक झालेला. शेजारी वाईनची बाटली. गेंचोकाका कुंपणापाशीच उभे होते, टोपीभोवती वेलीच्या काड्यांचं कडं. छाटणीच्या दिवशी गाव एकाला मळ्याचा राजा करतं, यंदा त्यांना केलाय. म्हणाले, जिवंत आहेस म्हणजे! काल किती दार बडवलं रे आम्ही. पडदे ओढलेले, आतून हूं नाही की चूं नाही. मी तर म्हटलं गेला हा. पण कुणी गेलं की दारावर चिकटवतात तो मृत्यूचा कागद दिसला नाही, म्हणून धीर धरला.

मी विचारलं, आम्ही म्हणजे कोण?

काकांनी टोपी काढली. म्हणाले, योर्दांका होती. पहाटेच्या बसने आली, बॅग घेऊन. दोन बॅगा होत्या, त्रिफोन. नामदिनाला बोलावणं लागत नाही म्हणाली, हसत होती. स्वतःची किल्ली काढली तर ती आत जाईना. खूप वेळ खटपट केली बिचारीने. मग म्हणाली, मळ्यात असेल तो, छाटत असेल. आणि आमच्या पुढे पुढे चालत निघाली.

मळ्यात जाऊन तिने बघितलं. मेतोदीची कात्री घेऊन एक वेल छाटली, बुंध्याशी वाईन ओतली, आणि त्याला म्हणाली, मळा तुझा, बाकीच्या तू कर. परतताना तो पाव आणि बाटली तिनेच पायरीवर ठेवली. दार नाही वाजवलं. रात्रीच्या बसने परत गेली.

मी म्हटलं, काका, ती ईस्टरला येणार होती. काका म्हणाले, हे तुझ्यासाठी ठेवून गेलीय, आता लागणार नाही म्हणाली. आणि माझ्या हातावर तिची किल्ली ठेवली.

दुपारी फोरमवरच्या माझ्या टिप्स वाचल्या. एकही चूक सापडली नाही.

मग कुलपातली आतली किल्ली काढली, बाहेर पायरीवर जाऊन दार ओढून घेतलं आणि तिची किल्ली लावून बघितली. एका झटक्यात फिरली. कुलपात काही बिघाड नाही.