भिंतीवरची गोरी बाई

आये, आज रविवार, २३ नोव्हेंबर. सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटं झाली आहेत. मी आत्ता पक्कडीने तुझ्या फ्रेमच्या मागचे बारीक खिळे काढले, आतला फोटो बाहेर काढला, नवा घातला आणि खिळे होते त्याच भोकांत परत ठोकले. फ्रेम अजून टेबलावर पालथी पडली आहे. बाबा बाजारात गेलेत, ते यायच्या आत ती भिंतीवर लावायची आहे. शाळेत मी तुला आई म्हणायचो आणि घरात आये. या कागदावर काय लिहावं यातच दहा मिनिटं गेली.

तुला जाऊन नऊ वर्षं झाली. तू काविळीने गेलीस तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो आणि दहावी नापास होऊन डोंबिवलीतल्या फोटो स्टुडिओत कामाला लागून दोन वर्षं झालेली. अजून तिथेच आहे. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे बॅनर, श्रद्धांजलीचे बोर्ड, सगळ्याचं शुद्धलेखन मीच तपासतो. शेठ म्हणतात, "तू नापास झालास कशात रे? मराठीत तर नक्की नाही." पण पोट चालतं ते पासपोर्ट फोटोंवर. शेठनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, "गिऱ्हाइकाला विचारत बसायचं नाही. दोन पॉइंट गोरं करायचं, डाग काढायचे आणि मग दाखवायचं. मला परत काळं कर, असं म्हणणारा माणूस अजून जन्माला आलेला नाही." खरंच, अकरा वर्षांत एकानेही तसं म्हटलं नाही. उलट म्हणतात, भाऊ, अजून थोडं होईल का?

मला हे शेठनी शिकवायची गरज नव्हती. मी आठवीत असतानाच लिंबू आणि खायचा सोडा कालवून तोंडाला घासायला लागलो होतो. वर्गातला एक जण लाइट गेले की ओरडायचा, "अरे, हा कुठे गेला? ए, जरा हस ना, दिसत नाहीयेस." त्या दुपारी तू मासळीची रिकामी पाटी घेऊन लवकर घरी आलीस. मी मोरीत उभा आहे, गालांची आग होते आहे, डोळ्यांतून पाणी येतंय, तरी घासतोच आहे. तू पाटी खाली ठेवतेस आणि माझा हात धरतेस. "कोलंबी हाय का तुजं त्वांड, सोलाया? घासून म्हावरं साफ व्हतं, मानूस नाय." मग खोबरेल घेऊन माझ्या गालांना लावायला लागलीस. तुझ्या बोटांना बोंबलाचा वास होता. मी तोंड फिरवलं. तू बोटं साडीला पुसलीस आणि परत तेल घेतलंस. गाल आठ दिवस सोलवटलेले होते आणि खालून निघालेली कातडी आधीपेक्षा काळी होती.

तुझ्या हनुवटीवर गोंदण होतं, हिरव्या ठिपक्यांचं. तुझ्या आईने जत्रेत काढून घेतलेलं, तू खूप रडलेलीस, एवढं मला माहीत आहे. लहानपणी मी त्याच्यावर बोट ठेवून झोपायचो असं बाबा सांगतात. मला ते आठवत नाही. मला आठवते ती नववीतली पालकसभा. मी तुला सांगितलं, "येशील तेव्हा हनुवटीवर हात ठेव." तू विचारलंस, "कशापायी?" मी म्हटलं, "सगळे बघतात." तू हसलीस. म्हणालीस, "अरं, सोनं मेल्यावर लोकं काढून घेत्यात. ह्ये तेवढं संगती येतं. ह्याच्यावरनंच वर माजी आय मना वळखल." पण तू आलीस ती हात ठेवूनच. पाऊण तास तशीच बसलीस. बाईंनी विचारलं, "काय हो, दाढ दुखतेय का?" तू म्हणालीस, "व्हय बाई, लय दुखते." मी शेजारी बसलो होतो. मला केवढं हायसं वाटलं, हेही आज लिहून ठेवतो.

तेव्हापासून कॅमेरा दिसला की तुझा हात आपोआप वर जायचा. बारशात, हळदीत, नारळी पौर्णिमेला, सगळीकडे तू हनुवटीला हात लावून विचारात पडलेली. नातेवाईक म्हणतात, तिची स्टाइलच होती ती. एका लग्नात मात्र हात खाली आहे, कारण तिथे लपवायला काही उरलं नव्हतं. पहिल्या पगारातून मी तुला पावडरची डबी आणलेली. दुकानातली मुलगी म्हणाली, "नेहमी आपल्या रंगापेक्षा दोन शेड वरची घ्यायची, दादा." मी तीन शेड वरची घेतली. तू मन लावून लावलीस आणि मान मात्र तशीच राहिली. मांडवात मावशी, तुझ्या शेजारी पाटी लावायची ती, सगळ्यांसमोर म्हणाली, "अगो, भाकरी थापता थापता पिठात परलीस का?" तू तिच्यापेक्षा मोठ्याने हसलीस आणि म्हणालीस, "माज्या पोरानं आनलंय. जलतंस का?" दिवसभर तू ते पुसलं नाहीस. त्या फोटोत तुझं तोंड एकसारखं पांढरं आहे. आधार कार्डावर तर तू एक काळा डाग आहेस, दोन डोळ्यांचा.

गोंदण दिसतं असा फोटो एकच होता. तू जायच्या वर्षी मी मोबाइलवर काढला होता, तू ओट्यापाशी कोयतीवर पापलेट साफ करत होतीस. दोन्ही हात ओले, त्यामुळे वर उचलता आले नाहीत. "काय रं, थांब की जरा," असं म्हणतेस आणि तोंड अर्धं उघडं आहे. तुझ्या दहाव्यासाठी मी तोच घेतला. शेठ म्हणाले, तूच कर, आपल्या आईचा आहे. मी ओटा काढून मागे निळं आकाश टाकलं, साडी बदलली, तोंड मिटवलं. रंग दोन पॉइंट नाही, सहा पॉइंट वर नेला. मोबाइलच्या कार्डावरच, त्याच नावाने सेव्ह केलं, म्हणजे मूळ फोटो त्यातच गेला. वर्षश्राद्धाला मावशी आली, भिंतीसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "आता गं बया! ही कोनाची बायको लावलीस रं भितीवर? आनि हिचं गोंदान कुठं गेलं?" सगळे हसले. मीही हसलो आणि म्हटलं, "मशीन आपोआप करते, मावशी. तिला तो डाग वाटतो." बाबा हसले नाहीत. त्यांनी त्या दिवसापासून त्या फोटोला हात जोडले नाहीत. अंघोळ करून येतात, देवासमोर उभे राहतात आणि त्या गोऱ्या बाईसमोरून तसेच पुढे जातात. आठ वर्षं हे मी रोज बघतोय.

ते ठिपके परत काढावे म्हणून मी किती वेळा बसलो. पण किती होते, कसे होते? बाबांना विचारलं. ते म्हणाले, "तीन असतील. की चार? मधे होते बहुतेक." आणि उठून गॅलरीत गेले. मावशी म्हणाली, "पाच! मना इचार, रोज समोर बसायची मी." दुसऱ्या दिवशी फोन करून म्हणाली, "नाय रं, पाच माजे हायेत." तू मेल्यावर वर तुझी आई तुला कशी ओळखेल, हे माझ्या डोक्यातून जात नाही. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. तरी दुकानात एकटा असलो की मधेच वाटतं, तू कुठेतरी रांगेत उभी आहेस आणि प्रत्येक जण तुझ्या हनुवटीकडे बघून पुढे जातोय.

परवा शुक्रवारी शहाडची एक म्हातारी बँकेच्या फोटोसाठी मुलाबरोबर आली. तुझ्यासारखीच सावळी, हनुवटीवर हिरवे ठिपके. मुलगा म्हणाला, "भाऊ, ते हिरवं तेवढं काढून टाका." म्हातारी म्हणाली, "काढ बाबा, काढ. मंग वर यमानं इचारलं ही कोन, तर तू ये सांगाया." मी म्हटलं, "साहेब, बँकवाले एडिट केलेला फोटो परत पाठवतात." ते खोटं होतं. मी तिला होती तशी छापून दिली. म्हातारीने जाताना माझ्या गालाकडे बघितलं. मेडिकलवाल्याकडून चिठ्ठीशिवाय घेतलेल्या खाजेच्या ट्यूबने मी वर्षभर गोरा झालो होतो, तेव्हापासून उन्हात गाल लाल होतात. "काय लावलंतंस रं?" एवढंच म्हणाली. ती गेल्यावर मी तिच्या फोटोची हनुवटी मोठी केली, चार ठिपके कापून घेतले आणि तुझ्या फोटोवर बसवले. आकाश काढून मागे साधी भिंत टाकली. तुझा रंगही खाली आणला, पण तो अंदाजाने.

बाबा आले. मला फ्रेम लावायला वेळच मिळाला नाही, टेबलावरच त्यांनी ती सरळ केली. पिशवी हातातच होती. हनुवटीकडे बघत म्हणाले, "हां. असेच होते." मग विचारलं, "कुठं सापडला?" मी म्हटलं, जुन्या मेमरी कार्डात. त्यांनी पिशवी खाली ठेवली, हात धुऊन आले आणि आठ वर्षांनी हात जोडले. आता ते आत म्हावरं धुताहेत, नळ चालू आहे. मी त्यांना काही सांगितलेलं नाही, सांगणारही नाही.

हा कागद कुणाला द्यायचा नाही, म्हणून इथे लिहितो. मशीनने तुझे ठिपके सोडले होते, आये. सुरकुत्या घेतल्या, नाकाजवळचा तीळ घेतला, पण ठिपके तिला डाग वाटले नाहीत. ते मी मोठे करून एकेक हाताने पुसले आणि कडा दिसत नाहीत ना, ते दोनदा तपासलं. एकेक पुसले म्हणजे मोजले गेले असणार. तरी किती होते ते मला आठवत नाही.