आधी मीटर तपासा

मुकुंदवाडी, औरंगाबाद
ता. ६ फेब्रुवारी १९९४

सुवर्णाच्या बाबांना,

सत्यभामाचा नमस्कार. आम्ही सगळे खुशाल आहोत. तुमची खुशाली देवाला ठाऊक, तुम्ही तर कळवत नाही.

दुकान चालू आहे. एमआयडीसी वाढली तशा जळालेल्या मोटारीही वाढल्या. अप्पाराव भाऊजी वाइंडिंग भरतात, मोजमाप मी करते. तुमचा मीटर मी कुणाच्या हाती देत नाही. पण मी आईला बघायला फर्दापूरला गेले आणि भाऊजींनी डाव साधला. करंट मोजून झाल्यावर मीटरची लाल वायर करंटच्या भोकातून काढून व्होल्टच्या भोकात परत लावली नाही, तशीच तिची टोकं भिंतीवरच्या सॉकेटात खुपसली. धाडकन आवाज! आतला फ्यूज उडाला म्हणून हात वाचला. मी परत आले तर स्वारी फ्यूजच्या जागी तांब्याची तार बसवत होती.

"वहिनी, तारंनं बी चालतंय की."

"व्हय? मग पुढच्या बारीला फ्यूज नाय, तुम्ही उडाल."

गुलमंडीवर जाऊन तस्साच फ्यूज आणला. मीटरची चिरलेली वायरही बदलली, तिला ते चिकटपट्टी गुंडाळणार होते. सुवर्णा हसत होती. हसताना ती तुमच्यासारखी दिसते.

संक्रांतीला विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं. शेजारच्या कस्तुराबाईंनी रडत रडत पेढे वाटले. मामंजी तोंड फिरवून बसले, मी दोन खाल्ले. एवढ्या वर्षांनी बाईच्या घरी आनंद आला, नाही कसं म्हणायचं?

तुम्ही पुण्याच्या कंपनीत दोन महिन्यांसाठी म्हणून गेलात. दिवाळीनंतर तुमचं पत्र नाही. मी मनाला समजावत राहिले, मोर्चे आहेत, बंदोबस्त आहे, टपाल अडकलं असेल.

मग तुमचंच शिकवणं आठवलं. मीटरवर शून्य आलं की लगेच लाइन मेली म्हणायची नाही. आधी चालू सॉकेटात मीटर तपासायचा, मग लाइन बघायची, मग परत चालू सॉकेट. मधेच मीटर मेला असला तर? तेव्हा मी तुम्हाला चिडवायचे, भटजींची पूजा सुद्धा इतकी लांबत नाही म्हणून.

आता तसंच केलं. माझी मावसबहीण आवडा हडपसरला असते, तिला कार्ड टाकायला सांगितलं. आलं. मग तुमची वाट पाहिली. काही नाही. तिला पुन्हा टाकायला लावलं. काल तेही आलं.

म्हणजे टपाल चालू आहे.

आवडाला 'यांच्या खोलीवर जाऊन ये' असं लिहिता आलं असतं. लिहिलं नाही. ती काय बघून येईल, याची भीती वाटली. तुमची फार आठवण येते हो. दुकानात कुणी वार्निशचा डबा उघडला की तुमच्या कपड्यांचा वास येतो आणि मी दाराकडे बघते.

तुम्ही आणखी एक सांगितलं होतं. शून्य दिसलं तरी तारेला मेलेली समजून उघडा हात लावायचा नाही. मी अजून लावलेला नाही.

सोबत एक कार्ड आहे. त्यावर आपल्या घरचा पत्ता मीच लिहिलाय. येणार असाल तर तसं लिहा, नसाल तर तसंही लिहा. काहीच लिहवत नसेल तर कोरंच पेटीत टाका. तुमच्या हातातून सुटलं, एवढं तरी मला कळेल.

अजून तरी तुमचीच,
सत्यभामा