पटावरची मुलं

१९ ऑगस्ट, सोमवार

पोचले. ईडन प्रेरीच्या घरून पश्चिमेला तीन तास. वाटेत मका, मग सोयाबीन, मग पुन्हा मका. टॉल्व्हर गावात धान्याचे दोन उंच सायलो, दोन चर्च, एक बेकरी, एक बार आणि एक शाळा आहे. देव आणि दारू यांचं बिनसलं तर मध्यस्थीला शाळा ठेवली असावी.

केजी ते बारावी मिळून चौऱ्याऐंशी मुलं. डिस्ट्रिक्ट ऑफिस म्हणजे माझं टेबल, एक प्रिंटर आणि सुपरिटेंडेंट व्हर्लिन. हा गृहस्थ सुपरिटेंडेंट आहे, प्रिन्सिपल आहे, आठवीला गणित शिकवतो आणि ड्रायव्हरची पाठ धरली की बसही चालवतो. पुण्यात एवढ्या पदांना चार केबिन आणि आठ शिपाई लागले असते.

माझ्याकडे हजेरी, पट, बसची यादी, बोर्डाच्या मीटिंगचा वृत्तांत, शिवाय खरचटलेल्या गुडघ्यांना बर्फ. नर्स फक्त गुरुवारी येते. बावीस वर्षं हॉस्पिटलांचा डेटा सांभाळून जानेवारीत ले-ऑफ झाले, त्या मानाने हे प्रमोशनच. शाळा सोमवार ते गुरुवार, तेवढ्यापुरती बेकरीवरची भाड्याची खोली; मग तीन दिवस घरी. संग्रामने विचारलं, इतक्या लांब कशाला? त्याला ठाऊक आहे कशाला. त्या घरात आमच्या लेकीची, इलाची खोली आहे. ती गेली त्याला नोव्हेंबरात दोन वर्षं होतील. सहावीत होती. एकदा लिहून टाकलं. आता या वहीत रडगाणं नाही.

५ सप्टेंबर

पहिली बोर्ड मीटिंग. सात सभासद, सगळे निवडून आलेले, सगळे एकमेकांचे मेहुणे. गवत कापायच्या यंत्रावर पाऊण तास चर्चा. मला आमच्या मराठी मंडळाची कमिटी आठवली. तिथे मखराच्या रंगावरून दोन कुटुंबं अजून बोलत नाहीत. इथे कोणी आवाजही चढवत नाही. फार राग आला तर माणूस म्हणतो, हं, तसाही एक विचार आहे.

शेजारच्या मोठ्या डिस्ट्रिक्टमध्ये विलीन व्हायचा प्रस्ताव मात्र दोन मिनिटांत फेटाळला. सातही हात वर. तिकडे स्विमिंग पूल आहे, लॅब आहे. कोणी कारण सांगितलं नाही, मी वृत्तांतात ‘सविस्तर चर्चेअंती’ असं लिहिलं.

कँटीनची आर्लिस सत्तरीची आहे, सगळ्यांना ‘हन’ म्हणते, ‘हनी’चं लाडकं रूप. मी व्हेजिटेरियन आहे हे ऐकून तिने अतिशय प्रेमाने टूना मासा आणून ठेवला.

१७ सप्टेंबर

एक ऑक्टोबरला राज्याला पटसंख्या कळवायची असते, म्हणून आज डेटा साफ केला. यादीत अकरा मुलं अशी सापडली की ज्यांची इयत्ता वर्षानुवर्षं हललेलीच नाही. एकाचा जन्म १९८१ चा आणि स्वारी अजून तिसरीत. एवढा ‘ढ’ मुलगा आमच्या अख्ख्या खानदानात झाला नाही. दुपारी तीनला अकराही नावं एका क्लिकमध्ये ‘शाळा सोडली’ या खान्यात टाकली. फ्रिज साफ केल्यावर वाटतं तसं बरं वाटलं.

१८ सप्टेंबर

सकाळी सात-दहाला पहिला फोन. म्हाताऱ्या बाईचा आवाज, अत्यंत अदबशीर. म्हणाली, तुम्हाला त्रास द्यायचा नाही, पण आज आमच्या फाटकाशी बस थांबली नाही. पोर उभी आहे, गारठा आहे. मी विचारलं, नात का? ती म्हणाली, नाही, मुलगी. दुसरीतली.

आवाज ऐंशीच्या घरातला.

आठपर्यंत अकरा फोन झाले. एकानेही तक्रार केली नाही. सगळ्यांनी आधी माफी मागितली. शेवटच्या म्हाताऱ्याने विचारलं, आमच्या पोराच्या हातून काही चूक झाली का? झाली असेल तर मी त्याला समजावतो.

व्हर्लिन माझ्यासमोर येऊन बसला. रागावला नाही. म्हणाला, नावं परत घाल.

मी घातली.

१९ सप्टेंबर

व्हर्लिनने सांगितलं ते असं. कोणी तळ्यात बुडालं, कोणी ट्रॅक्टरखाली गेलं, कोणाला ताप आला. मूल गेलं की शाळा घरी एक कागद पाठवते. त्यावर आईने किंवा वडिलांनी सही केली की नाव पटावरून उतरतं. नियम इतकाच. या अकरा घरांत सही झाली नाही. मग एके दिवशी एका शिक्षिकेने सवयीने हजेरी घेतली आणि तिसऱ्या बाकावरून ‘हिअर’ आलं.

त्यांना फक्त शाळेत येता येतं. त्यासाठी पालकांनी डिस्ट्रिक्टच्या हद्दीतच राहायचं. एक जोडपं थंडीला कंटाळून हिवाळ्यापुरतं ॲरिझोनाला गेलं, तर पोरगा चार महिने स्टॉपवर उभा होता. विलीन व्हायचं नाही तेही याचसाठी. ती शाळा ही नावं घेणार नाही. मग ही मुलं जायची कुठे?

मी म्हटलं, व्हर्लिन, गावाला सामुदायिक थेरपीची गरज आहे. तो म्हणाला, हं, तसाही एक विचार आहे.

घरी जाताना गाडीत खूप हसले. संग्रामला यातलं काही सांगितलं नाही. का नाही सांगितलं, माहीत नाही.

२६ सप्टेंबर

लंचच्या वेळी मोजलं. मुलं चौऱ्याऐंशी. आर्लिसने ट्रे मांडले पंच्याण्णव. रिकामे परत आले तेही पंच्याण्णव. एकावर गाजराचे तुकडे तेवढे बाजूला सारलेले. दुसरीच्या वर्गात खिडकीपाशी एक खुर्ची आहे, बसून बसून झिजलेली. बाईंनी सात अधिक पाच किती म्हणून विचारलं, खुर्चीकडे पाहिलं, थांबल्या आणि म्हणाल्या, बरोबर. बाकीच्या मुलांनी मानही वळवली नाही.

आज हसू आलं नाही.

१ ऑक्टोबर

राज्याला पंच्याण्णव कळवले. खाली माझी सही.

जेवून आले तर टेबलावर आर्लिसने लिंबाच्या वड्या ठेवलेल्या आणि त्याखाली एक कोरा फॉर्म. दुसऱ्या शाळेतून बदलून येणाऱ्या विद्यार्थ्याचा. तिला मी इलाबद्दल कधी बोललेले नाही. या गावात बोलावं लागत नाही, इतकंच.

वड्या खाल्ल्या. फॉर्म ड्रॉवरमध्ये टाकला.

इलाच्या शाळेचा तसा कागद आमच्याही घरी आला होता. संग्रामने पेन काढलं, मी कागद ओढून घेतला. तो अजून माझ्या पर्समध्ये आहे, सहीशिवाय.

३ ऑक्टोबर

फॉर्म भरला. नाव, जन्मतारीख, इयत्ता सहावी. पालकाचा पत्ता: टॉल्व्हर, बेकरीवरची खोली.

संग्रामला कळवलं की या वीकेंडला जमत नाही. त्याने विचारलं, आणि दिवाळीला? मी म्हटलं, बघू. तो म्हणाला, मी एकटा किती वेळा त्या खोलीचं दार लावून घेऊ, रत्ना?

७ ऑक्टोबर

आठ-पंचवीस. सहावीची हजेरी स्क्रीनवर आली.

इला. हजर.

दिवसभर त्या एका शब्दासमोर बसले. व्हर्लिनने दुसऱ्या फोनवरून सगळी कामं केली. सहावीच्या बाई जाता जाता म्हणाल्या, गोड आहे, पण फारच शांत. मी दोन वेळा त्या वर्गावरून गेले. मागून दुसरी खुर्ची. काही दिसलं नाही. पण खुर्ची टेबलापासून थोडी सरकवलेली होती, डाव्या बाजूला. ती तशीच तिरकी बसायची.

बरं वाटलं. देवा, किती बरं वाटलं.

८ ऑक्टोबर

ऑफिसातल्या आजारपणाच्या वहीत नोंद आहे. दहा-चाळीस. इला, सहावी. डोकं दुखतंय. आईला फोन केला. वर्गात परत पाठवलं.

अक्षर माझं आहे.

मी लिहिलेलं नाही.

९ ऑक्टोबर

पुन्हा दहा-चाळीस. तेच शब्द, माझंच अक्षर. नजर वहीवर ठेवून बसले होते. डोळ्याचं पातं लवलं तेवढ्यात—

आता लिहिते. कोणाला सांगितलेलं नाही. संग्रामलाही अर्धंच माहीत आहे. इला गेली त्या दिवशी दहा-चाळीसला तिच्या शाळेतून फोन आला होता. डोकं दुखतंय, आई हवी म्हणते. मी मीटिंगमध्ये होते. मी म्हटलं, गणिताची टेस्ट आहे ना, म्हणून नाटक. पाठवा वर्गात परत. वर हसलेही. डोक्यात रक्त उतरत होतं तिच्या. साडेबाराला दुसरा फोन आला.

‘पाठवा वर्गात परत.’ हे मी म्हटलं.

१० ऑक्टोबर

आर्लिसला विचारलं. कांदा चिरता चिरता तिने सांगितलं. ही मुलं येतात ती शेवटच्या दिवसासारखी. तोच दिवस, रोज. तिचा पोरगा तळ्यात गेला. रोज तिच्याकडे कोरडे मोजे मागतो. ती रोज आणते. एकोणचाळीस वर्षं झाली. म्हणाली, सवय होते, हन.

मी विचारलं, त्याला होते का सवय?

तिने कांदा खाली ठेवला.

मग दोन वाटा सांगितल्या. कागदावर सही केली की खुर्ची नुसती खुर्ची होते. किंवा मूल मधूनच घरी न्यायचं, कुठल्याही आईने न्यावं तसं, काउंटरवर घरी नेण्याची वेगळी वही असते तिच्यात लिहून. पूर्वी एकीने तसं नेलं. हात धरून पुढच्या दारातून बाहेर पडली. तिची गाडी शाळेसमोर तशीच राहिली. तिला पुन्हा कोणी पाहिलं नाही. नवरा अजून शाळेत कॉफी प्यायला येतो, दाराकडे तोंड करून बसतो.

१४ ऑक्टोबर

दहा-चाळीस. आज आवाजही आला. काउंटरच्या पलीकडून, खालून. Mom, it really hurts. इंग्लिशमध्येच. मी मराठी बोल म्हणून मागे लागायचे.

काउंटरवरून वाकून पाहिलं. कोणी नव्हतं.

आजारपणाच्या वहीत: वर्गात परत पाठवलं.

मी पाठवलं नाही. मी नाही—

१५ ऑक्टोबर

संग्रामला फोनवर सगळं सांगितलं. टेस्टचं पण. तो म्हणाला, मला माहीत होतं. शाळेने मलाही सांगितलं होतं तेव्हा. तू बोलशील म्हणून थांबलो.

उद्या सकाळी निघतो म्हणाला. बारापर्यंत पोचेन. दोघं मिळून सही करू, एकटीने करू नकोस. आणि प्लीज, तोवर काही करू नकोस.

बारा म्हणजे दहा-चाळीसनंतर. म्हणजे आणखी एकदा.

१६ ऑक्टोबर

नऊ. दोन्ही कागद समोर. पर्समधला आणि इथला, पटावरून नाव उतरवायचा. सही केली की दुखणं थांबेल. मग ती कुठेच नसेल.

नऊ-पन्नास. संग्रामचा मेसेज. निम्म्या वाटेवर. कॉफी घेतोय, तुला काय आणू?

संग्राम, मी तुला—

दहा-वीस. पेन उचललं. ‘र’ काढला. पुढे हात जात नाही.

दहा-चाळीस.

आली आहे. या वेळी दिसते. निळं जॅकेट, कपाळावर हात. काउंटरला टेकून उभी. दुखतंय म्हणत नाही. आजारपणाच्या वहीकडे बघते आहे, मी काय लिहिते ते.

परत पाठवणार नाही. एवढं एक तरी—

काउंटरवरची दुसरी वही ओढली, घरी नेण्याची. विद्यार्थ्याचं नाव: इला. कारण: डोकं दुखतंय. कोण नेत आहे: आई.

हात गार आहे तिचा. घट्ट धरलाय.

शेवटचा रकाना. परत कधी आणणार: